पायथनच्या डिक्शनरीवर लूप चालवताना नोंदी का निसटतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाजार समित्यांची नावे आणि त्या दिवशीचा सोयाबीनचा भाव अशा जोड्या पायथनच्या एका डिक्शनरीत साठवल्या आहेत. काही नावांच्या मागेपुढे मोकळी जागा राहून गेली आहे, ती काढायची आहे. शिवाय ज्या बाजारात त्या दिवशी आवक झाली नाही, त्यांच्या नोंदी वगळायच्या आहेत. ही दोन्ही कामे डिक्शनरीवरच्या एकाच लूपमध्ये केली, तर कधी ‘रनटाइम एरर’ येते आणि कधी काहीही तक्रार न होता एखादे नाव जसेच्या तसे राहून जाते. असे का होते, आणि डिक्शनरीवर फिरण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर. ज्या डिक्शनरीवर लूप चालू आहे, तिच्यात त्या लूपमधून नवी नोंद घालू नये आणि असलेली काढू नये. हव्या त्या नोंदींची नवी डिक्शनरी तयार करावी. एरर येते तेव्हा पायथनने आपल्याला वेळेवर थांबवलेले असते. खरी काळजी करायची ती दुसऱ्या प्रकाराची, कारण तिथे प्रोग्राम सुरळीत संपतो आणि चुकीचा डेटा पुढे जातो.

प्रथम फिरण्याच्या पद्धती पाहू. डिक्शनरीवर थेट ‘फॉर’ लावला, तर प्रत्येक फेरीत फक्त की, म्हणजे इथे बाजाराचे नाव, हाती येते. भावही हवा असेल, तर अनेक जण त्या कीने डिक्शनरीत पुन्हा शोध घेतात. हे चालते, पण नोंद समोर असताना तीच पुन्हा शोधणे अनावश्यक आहे. ‘आयटम्स’ ही मेथड की आणि व्हॅल्यू (इथे भाव) दोन्ही एकदम देते, ‘फॉर’च्या ओळीतच त्यांना दोन नावे देता येतात आणि वाचणाऱ्यालाही लूपचा हेतू लगेच कळतो. प्रत्येक फेरीत नवे टपल, म्हणजे की आणि व्हॅल्यूची जोडी, तयार होत असेल आणि वेळ वाया जात असेल, अशी शंका काहींना येते. सीपायथनमध्ये, म्हणजे आपण सर्वसाधारणपणे वापरतो त्या पायथनमध्ये, आधीच्या फेरीतील टपल दुसऱ्या कोणी धरून ठेवलेले नसेल तर तेच पुन्हा वापरले जाते, त्यामुळे हा खर्च जवळजवळ उरत नाही. फक्त भावांची बेरीज किंवा सरासरी हवी असेल, तर ‘व्हॅल्यूज’ पुरेसे आहे. ‘कीज’ ही मेथड लूपसाठी फारशी लागत नाही, पण दोन डिक्शनऱ्यांची तुलना करताना ती फार उपयोगी पडते. आजच्या कीजमधून कालच्या कीज वजा केल्या, की आज नव्याने आलेले बाजार एका ओळीत मिळतात, कारण हे दृश्य सेटसारखे, म्हणजे वजाबाकी करता येणाऱ्या संचासारखे, वागते.

‘दृश्य’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला. पायथन ३ मध्ये ‘आयटम्स’, ‘कीज’ आणि ‘व्हॅल्यूज’ या मेथड मूळ डिक्शनरीकडे पाहणारा व्ह्यू देतात; नोंदींची प्रत देत नाहीत. पायथन २ मध्ये त्याच नावाच्या मेथड वेगळी यादी तयार करून देत असत, म्हणून तिथे ‘कीज’वर लूप चालवून आतून नोंदी काढल्या तरी काही बिघडत नसे. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या उत्तरांत असा कोड सर्रास दिसतो. पायथन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. पण त्या काळात लिहिलेला कोड अजूनही नक्कल होत राहतो, आणि या प्रश्नाचा उगम बहुतेक वेळा तिथेच असतो.

आता आत काय घडते ते पाहू. सीपायथन ३.६ पासून डिक्शनरीची रचना दोन भागांची आहे. एक लहान, विरळ भरलेली अनुक्रमणिका असते आणि दुसरी नोंदींची सलग रांग असते. रांगेत प्रत्येक नोंदीची की आणि व्हॅल्यू ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने बसतात, आणि अनुक्रमणिकेत फक्त ‘ही की रांगेत कितव्या जागी आहे’ एवढा आकडा असतो. या रचनेचा प्रस्ताव रेमंड हेटिंगर यांनी डिसेंबर २०१२ मध्ये मांडला होता. पायपाय या दुसऱ्या अंमलबजावणीने ती आधी स्वीकारली, आणि सीपायथनमध्ये ती इनाडा नाओकी यांच्या कामातून आली. मूळ उद्देश मेमरी वाचवण्याचा होता. ३.५ च्या तुलनेत डिक्शनरीला २० ते २५ टक्के कमी मेमरी लागू लागली, आणि नोंदींचा क्रम टिकणे हा त्याचा आनुषंगिक लाभ होता. पुढे २०१८ मध्ये आलेल्या ३.७ पासून नोंदी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने मिळतील, ही भाषेची हमी झाली.

लूप चालतो तेव्हा इटरेटर, म्हणजे लूपला पुढची नोंद देणारा घटक, या रांगेतून एकेक जागा पुढे सरकतो. त्याच्याकडे मोजक्याच गोष्टी असतात: आपण रांगेत कुठे आहोत, सुरुवातीला डिक्शनरीत किती नोंदी होत्या, आणि अजून किती द्यायच्या आहेत. प्रत्येक पावलाला तो सुरुवातीची नोंदसंख्या आणि आत्ताची नोंदसंख्या जुळते का एवढेच पाहतो. जुळली नाही, तर ‘फिरत असताना डिक्शनरीचा आकार बदलला’ अशा अर्थाची रनटाइम एरर येते. तपासणी पुढची नोंद मागताना होते. त्यामुळे अगदी शेवटची नोंद काढली तरी एरर येतेच, पण नोंद काढून लगेच ‘ब्रेक’ केले तर येत नाही. आवक नसलेल्या बाजारांच्या नोंदी काढताना जी एरर येते, ती ही.

नाव बदलताना मात्र जुनी की ‘पॉप’ने काढून तीच व्हॅल्यू नव्या कीखाली ठेवली जाते. एक नोंद कमी झाली, एक वाढली, संख्या तीच राहिली. इटरेटरची तपासणी इथे काहीच पकडू शकत नाही.

हे जवळून पाहण्यासाठी पाच नोंदींची डिक्शनरी घ्या. क्रम असा: लातूर, अकोला, सांगली, वाशीम, नांदेड. यांपैकी लातूर आणि अकोला या पहिल्या दोन नावांच्या आधी एकेक मोकळी जागा आहे, बाकीची तीन नावे स्वच्छ आहेत. सर्वांत लहान डिक्शनरीच्या अनुक्रमणिकेत आठ खण असतात, आणि त्यांच्या दोन तृतीयांशापर्यंतच, म्हणजे पाच नोंदींपर्यंत, रांगेत जागा असते. म्हणजे आपली रांग आधीच भरलेली आहे. लूपची पहिली फेरी सुरू होते, मोकळी जागा असलेले ‘लातूर’ हाती येते. ‘पॉप’ झाल्यावर रांगेतील पहिली जागा रिकामी होते, पण ती पुन्हा वापरली जात नाही, कारण तसे केले तर क्रम मोडेल. स्वच्छ ‘लातूर’ ठेवायला शेवटी जागा नाही, म्हणून पायथन मोठी रांग तयार करतो आणि उरलेल्या नोंदी रिकाम्या जागा गाळून तिच्यात सलग मांडतो. नवी रांग अशी होते: अकोला, सांगली, वाशीम, नांदेड, लातूर. इटरेटरला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या हिशेबाने पहिली जागा होऊन गेली आहे, आता दुसरी घ्यायची. आणि दुसऱ्या जागी आता सांगली आहे. अकोला पहिल्या जागेवर सरकलेला असल्यामुळे तो कधीच हाती येत नाही. पुढे सांगली, वाशीम, नांदेड आणि शेवटी नवे लातूर मिळते, एकूण पाच नोंदी होतात, नोंदसंख्याही पाचच असते, आणि लूप कोणतीही एरर न देता संपतो. अकोल्याच्या आधीची मोकळी जागा तशीच राहते.

पहिल्या दोनऐवजी पाचही नावांत मोकळी जागा असती, तर ३.८ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये शेवटी वेगळी एरर आली असती. अपेक्षेपेक्षा जास्त नोंदी मिळू लागल्या, तर ‘फिरत असताना कीज बदलल्या’ असे सांगून थांबण्याची सोय त्या आवृत्तीत जोडली आहे. पण तोपर्यंत डिक्शनरी अर्धवट बदललेली असते, आणि वरच्या उदाहरणासारख्या प्रकारात ही सोयही गप्प राहते. नोंदी तीन असतील तर सगळे ठीक चालल्यासारखे दिसू शकेल, पाच असतील तर एक निसटू शकेल, पन्नास असतील तर आणखी काही होईल. म्हणूनच चार नोंदींवर चाचणी घेऊन ‘माझ्याकडे तर चालते’ असे म्हणण्याला इथे अर्थ नाही. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही एवढेच सांगितले आहे, की फिरत असताना नोंदी घातल्या किंवा काढल्या तर एरर येऊ शकते किंवा सर्व नोंदी मिळणार नाहीत.

असलेल्या कीची व्हॅल्यू बदलण्याला मात्र काही हरकत नाही. प्रत्येक भाव क्विंटलवरून किलोवर आणायचा असेल, तर ‘आयटम्स’वर फिरत त्याच कीला नवी व्हॅल्यू द्यावी; रांगेतील जागा तीच राहते आणि क्रमही बदलत नाही.

याच नियमातून निघणारा, पण ओळखायला कठीण असा एक प्रकार आहे, आणि माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कोडमध्ये तो वारंवार दिसतो. साध्या डिक्शनरीऐवजी ‘डिफॉल्टडिक्ट’, म्हणजे नसलेल्या कीसाठी ठरलेली व्हॅल्यू आपोआप देणारी डिक्शनरी, वापरलेली असते, लूपमध्ये नोंद घालण्याची एकही ओळ दिसत नाही, तरीही आकार बदलल्याची एरर येते. कारण असे, की ‘डिफॉल्टडिक्ट’मध्ये नसलेली की चौकटी कंसाने नुसती वाचली, तरी ती नोंद तयार होते. प्रत्येक बाजाराच्या भावाची शेजारच्या बाजाराशी तुलना करताना शेजाऱ्याची नोंद नसली, की वाचण्याच्या त्या एका कृतीने डिक्शनरी वाढते. तिथे ‘गेट’ ही मेथड वापरावी; ती नोंद तयार करत नाही. ‘काउंटर’ या मोजणीसाठीच्या भावंडाचे वागणे मात्र वेगळे आहे, तो नसलेल्या कीसाठी शून्य देतो आणि नोंद घालत नाही.

आता तुमच्या कामाकडे वळतो. फक्त नोंदी वगळायच्या असतील, तर महिरपी कंसात लिहिलेले डिक्शनरी कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत नवी डिक्शनरी बनवणारा लूप, सर्वांत स्वच्छ: जुन्या डिक्शनरीच्या ‘आयटम्स’वर फिरा, आवक झाली आहे अशाच जोड्या घ्या, आणि त्यांची नवी डिक्शनरी बनवा. जुनी जशीच्या तशी राहते, म्हणून काही चुकले तर दोन्ही शेजारी ठेवून तपासता येतात. तीच डिक्शनरी कोडच्या दुसऱ्या भागांनी धरून ठेवलेली असेल आणि तिच्यातच बदल हवा असेल, तर ‘आयटम्स’ला ‘लिस्ट’मध्ये गुंडाळून त्या यादीवर फिरावे आणि नोंदी मूळ डिक्शनरीतून काढाव्यात. यादी बनवताना नावे आणि भाव यांची नक्कल होत नाही, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या जोड्या तयार होतात, त्यामुळे काही लाख नोंदींसाठीही याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

कीज बदलायच्या असतील तेव्हा मात्र कॉम्प्रिहेन्शनवर डोळे मिटून विसंबू नये. स्वच्छ केल्यावर दोन वेगळ्या कीज एकच होऊ शकतात, आणि कॉम्प्रिहेन्शन अशा वेळी आधीची व्हॅल्यू न विचारता पुसून नंतरची ठेवते. म्हणून इथे साधा लूप लिहावा, नवी की नव्या डिक्शनरीत आधीच आहे का ते पाहावे, आणि असेल तर काय करायचे ते स्पष्ट लिहावे. आवकेचे आकडे असतील तर बेरीज योग्य ठरेल. भावांची बेरीज निरर्थक आहे, आणि सरासरीही मनाने काढू नये. दोन वेगळे भाव एकाच बाजाराच्या नावावर आले असतील, तर ते कोणाला तरी दाखवून ठरवायला हवे.

मराठी नावांच्या बाबतीत हा धोका मोकळ्या जागेपुरता नाही. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातले ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून साठवता येते, किंवा साधा र आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तिसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. त्यानेही तोच चंद्रकोरी रफार उमटतो. माहिती वेगवेगळ्या कीबोर्डवरून भरली गेली असेल, तर डिक्शनरीत दिसायला हुबेहूब अशा तीन कीज तयार होऊ शकतात, आणि लूप तिन्ही वेगळ्या दाखवतो. पहिले दोन प्रकार ‘युनिकोडडेटा’ या मोड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ने एक करता येतात. तिसरा त्याने एक होत नाही. र, हलन्त आणि जोडचिन्ह ही जोडणी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त स्वतः ठेवावे लागतात. हे काम माहिती वाचून घेतानाच, की डिक्शनरीत शिरण्याआधीच करावे. तसे केले तर कीज बदलणारा लूप लिहिण्याची वेळच येत नाही, आणि मला विचाराल तर तुमच्या प्रश्नावरचा सर्वांत चांगला उपाय हाच आहे.

क्रमाबद्दल दोन गोष्टी. असलेल्या कीला नवी व्हॅल्यू दिली तर तिची जागा बदलत नाही; पण की काढून पुन्हा घातली तर ती शेवटी जाते. दुसरी गोष्ट अशी, की दोन डिक्शनऱ्यांची बरोबरी तपासताना क्रम धरला जात नाही. क्रम अर्थपूर्ण असेल आणि तोही तपासायचा असेल, तर दोन्हींच्या ‘आयटम्स’च्या याद्या करून तुलना करावी. भावानुसार फिरायचे असेल, तर ‘सॉर्टेड’ला ‘आयटम्स’ द्यावे आणि तुलना व्हॅल्यूवर करायला सांगावे. सारख्या भावाच्या नोंदी आपला आधीचा क्रम टिकवून राहतात. नावानुसार लावताना मात्र पायथन युनिकोडच्या आकड्यांनी चालतो, आणि त्या तक्त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मधे आहे, तर मराठी वर्णमालेत ते ह नंतर येते. म्हणून ‘जळगाव’ हे ‘जव्हार’च्या आधी येते, जे शब्दकोशाच्या क्रमाला धरून नाही. लोकांना दाखवायची यादी असेल, तर मराठीचे नियम जाणणारी आयसीयू ही लायब्ररी वापरावी.

इतर भाषांत सवय लागलेल्यांसाठी थोडेसे. जावाच्या हॅशमॅपमध्ये फिरताना इटरेटरची स्वतःची ‘रिमूव्ह’ मेथड वापरून नोंद काढता येते, आणि जावा ८ पासून ‘रिमूव्हइफ’ त्याहून सोपी आहे. मात्र तिथे क्रमाची हमी नाही, त्यासाठी लिंक्डहॅशमॅप घ्यावा लागतो. गो भाषेत फिरताना नोंद काढणे नियमानेच सुरक्षित आहे, फिरताना घातलेली नवी नोंद त्याच फेरीत भेटेल की नाही हे मात्र सांगता येत नाही, आणि क्रमावर कोणी विसंबू नये म्हणून फिरण्याची सुरुवात मुद्दाम यादृच्छिक ठेवली आहे. रस्ट भाषेत असा कोड कंपाइलच होत नाही. यातली कोणतीही सूट पायथनमध्ये आहे असे गृहीत धरू नये.

रांगेच्या रचनेतून येणारी आणखी एक अडचण मोठ्या डेटावर जाणवते. काही जण डिक्शनरी रांगेसारखी वापरतात: पहिली की घ्यायची, काम करायचे, नोंद काढायची, पुन्हा पहिली की घ्यायची. इथे एरर येत नाही, कारण प्रत्येक वेळी नवा इटरेटर सुरू होतो. पण काढलेल्या नोंदींच्या रिकाम्या जागा रांगेच्या सुरुवातीला तशाच राहतात, आणि प्रत्येक नवा इटरेटर त्या सगळ्या ओलांडत पहिल्या भरलेल्या जागेपर्यंत जातो. हजार नोंदींवर हे जाणवत नाही. काही लाख नोंदींवर काम जवळजवळ थांबते. पुढून काढायचेच असेल, तर ‘ऑर्डर्डडिक्ट’ ही क्रम सांभाळणारी वेगळी डिक्शनरी घ्यावी, तिच्यात पहिली नोंद काढणे नेहमी तेवढ्याच वेळात होते. किंवा मागून काढणे चालत असेल, तर साध्या डिक्शनरीची ‘पॉपआयटम’ ही शेवटची नोंद काढणारी मेथड वापरावी.

शेवटी, एरर रोज न येता आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही फक्त सर्व्हरवर येत असेल, तर लूपमध्ये नोंद घालणारी किंवा काढणारी ओळ शोधून बहुधा काही सापडणार नाही. दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रामात समांतर चाललेले काम, त्याच डिक्शनरीत नोंदी घालत असतो, किंवा लूपमध्ये ‘अवेट’, म्हणजे एखादी गोष्ट पूर्ण होण्याची वाट पाहणारी ओळ, असते आणि त्या थांब्यावर दुसरे काम डिक्शनरी बदलून जाते. ‘अवेट’च्या बाबतीत लूप सुरू करण्याआधी ‘आयटम्स’ची यादी करून घेणे पुरेसे आहे. थ्रेड असतील, तर नोंद घालणाऱ्या आणि वाचणाऱ्या अशा दोन्ही बाजूंनी एकच लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारे कुलूप, घ्यावा, लॉक हाती असताना फक्त ‘कॉपी’ने प्रत करून घ्यावी, लॉक सोडावा आणि मग प्रतीवर निवांत फिरावे. लॉक धरून पूर्ण लूप चालवला, तर लूपमधले काम जितका वेळ घेईल तितका वेळ नोंद घालणारे सगळे थ्रेड ताटकळत राहतात.